बातमी, येताजाता भेटलेली माणसं आणि कच्चं टिपण

तळटीप (धागालेखक)

रोजच्या बातम्या आणि येताजाता घडणारे छोटे प्रसंग यांवर दोन-तीनशे शब्दांची स्फुटं लिहिणाऱ्यांसाठी हा धागा. 'सुचतं कसं' हा विषय इथे नको, त्याला अंत नाही. टिपायचं कसं, तपासायचं कसं आणि माती कुठे होते, एवढंच बोलू.

स्फुट बिघडतं ते बहुतेक वेळा लिहिताना नाही, टिपतानाच. हर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेले आणि १८८५ साली छापलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. निरर्थक अक्षरसमूह पाठ केले, तर तासाभरात निम्म्याहून जास्त मेहनत वाया गेलेली दिसली, मग गळती मंदावली. प्रसंगाला अर्थ असतो म्हणून त्याचा सारांश टिकतो. पण बोलले गेलेले नेमके शब्द आणि आधी काय, नंतर काय हा क्रम, हे लवकर जातं. आणि स्फुट उभं राहतं नेमकं त्याच्यावर.

म्हणून पहिल्या तासात टिपायचं, आणि याच क्रमाने:

आधी बोललेले शब्द, जसेच्या तसे. मग वेळ आणि आकडे. मग हातातल्या वस्तू. चेहरा, कपडे, हवामान सगळ्यात शेवटी. ते राहिलं तरी फारसं बिघडत नाही.

टिपण ४० ते ६० शब्दांचं पुरे. पान तीन रकान्यांत आखून घ्या: पाहिलं, ऐकलं, वाटलं. 'अस्वस्थ होता' हे कधीच पहिल्या रकान्यात जात नाही. 'तीनदा घड्याळ पाहिलं' हे जातं. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा. ०५/०३ म्हणजे मार्च की मे, हा घोळ टळतो, आणि संगणकावर फाइलींना तीच नावं दिली की त्या आपोआप क्रमाने लागतात.

बातमीचं टिपण वेगळं. त्यात पाच गोष्टी: शीर्षक दिसलं तसं, कोणी दिली, कधीची, कधी वाचली आणि तिच्यातलं एक वाक्य अवतरणात. शीर्षकं दिवसभरात गुपचूप बदलतात. सकाळच्या शीर्षकावर चिडून लिहिलेलं स्फुट संध्याकाळी हवेत लटकतं. पानाचा पत्ता साठवताना वेबॅक मशीनसारख्या वेबपानांच्या संग्रहात त्याची प्रतही जतन करून ठेवावी. एका मिनिटाचं काम आहे.

काडेपेटी

रुमाल टाकून जात होतो, पण राहवलं नाही. प्रसंग घडतोय आणि समोरचा वही उघडून रकाने आखतोय! माणूस बिचकून पळेल हो.

तळटीप

समोर लिहायचंच नाही. तीन खुणेचे शब्द मनात घोळवत राहायचं आणि वळणापलीकडे गेल्यावर उतरवायचं. तीनच. पाच-सहा धरले की एकमेकांत मिसळतात. फोनवर वीस सेकंदांचं ध्वनिमुद्रण करून स्वतःच्या तोंडून बोलून ठेवलं तरी चालेल, मात्र बोलून टंकलेखन करणाऱ्या सोयीवर जसंच्या तसं विसंबू नका. ती बोलीतला शब्द प्रमाण करून टाकते आणि नेमका तोच हवा असतो.

अवांतर: पावतीवर किंवा तिकिटावर खरडलं असेल तर त्याच रात्री वहीत उतरवा. बहुतेक पावत्या उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर छापलेल्या असतात. तुमची शाई राहील, पण छापलेली तारीख-वेळ ऊन आणि उष्णता लागून पुसट होते. गुळगुळीत बाजूवर बॉलपेन घसरतं आणि फिसकटतं. शिसपेन्सिल सगळ्यात भरवशाची, शिसं उडत नाही.

कानोसा

पहिल्या तासाचा मुद्दा पटला, पण कारण फक्त विसरणं नाही. आठवण नुसती गळत नाही, ती सारवलीही जाते. फ्रेडरिक बार्टलेट यांनी केंब्रिजमध्ये वाचकांना एक परकी लोककथा वाचायला देऊन ती पुन्हापुन्हा सांगायला लावली होती. निष्कर्ष १९३२ साली छापले. दर खेपेला कथा आखूड होत गेली, विचित्र भाग गळाले, आणि अनोळखी तपशील ओळखीचे झाले. कथेतल्या झाडाच्या खोडाच्या होडग्याची साधी बोट झाली. आपल्याही प्रसंगांचं हेच होतं. चार मित्रांना रंगवून सांगितलेला किस्सा लिहायला घेऊ नये. चौथ्या खेपेपर्यंत त्यात टाळी घेणारं वाक्य येऊन बसलेलं असतं, आणि ते कोणीच बोललेलं नसतं. आधी टिपण, मग गप्पा.

आता एक कच्चं टिपण समोर ठेवतो, म्हणजे हवेत बोलणं नको. (बनवलेलं आहे, नमुन्यापुरतं.)

'मंगळ. स. १०.४०. प्रतीक्षाकक्ष. टीव्ही, पुराची बातमी, आवाज बंद. गृहस्थ, साठीचे असावेत, उभे. छत्री कोरडी. टोक बुटाच्या चवड्यावर टेकवलेलं. शेजारची मुलगी: "बसा की." ते: "नको, नंबर येईल." हातातला नंबर ४१. पाटीवर १७. १०.५२ ला पाटीवर २०.'

यावरून हमखास लिहिलं जातं ते असं: 'पडद्यावरचा हाहाकार पाहून व्यथित झालेले ते वृद्ध गृहस्थ जणू स्वतःच्याच बुडालेल्या घराची वाट पाहत उभे होते.' यातलं एक अक्षर टिपणात नाही. ते टीव्हीकडे पाहत होते हेसुद्धा टिपलेलं नाही! 'जणू' आलं की समजावं, लेखकाने प्रसंग सोडला आणि स्वतःला धरलं.

टिपणाशी इमान राखून लिहिलं तर: 'पडद्यावर पूर होता, आवाज बंद. खाली एक गृहस्थ कोरडी छत्री बुटाच्या चवड्यावर टेकवून उभे होते. शेजारच्या मुलीने बसा म्हटलं. "नको, नंबर येईल." त्यांचा नंबर ४१ होता. पाटीवर १७.' इथे थांबलं तरी चालतं. छत्रीचं टोक चवड्यावर का? फरशीवर ओरखडा उठू नये म्हणून, टोक घसरू नये म्हणून, किंवा निव्वळ सवय. लिहिणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही. वाचणारा स्वतः त्या बुटात पाय घालून बघतो.

मुद्रितशोधक

कानोसा, ते 'असावेत' सोडू नका, त्यात अर्धा धागा आहे.

पाहिलेलं, ऐकलेलं आणि ताडलेलं वेगळं ठेवायला मराठीत रकाने आखायची गरजच नाही, क्रियापदंच ते काम करतात. 'तो शिक्षक आहे': ठाऊक आहे. 'तो शिक्षक असावा': हातावरच्या खडूवरून ताडलं. 'तो शिक्षक असेल': ताडायलाही फारसं काही हाताशी नाही. 'तो शिक्षक आहे म्हणे': कोणीतरी सांगितलं, जबाबदारी त्याची. हा 'म्हणे' दोन अक्षरांत जे करतो त्याला दुसरीकडे अख्खं वाक्य लागतं. पण पक्कं लिहिताना लोक 'म्हणे' बोलीतला म्हणून काढतात, 'असावा' कमकुवत वाटतो म्हणून 'होता' करतात, आणि तर्काची बातमी होते.

बातमीची भाषा याच्या उलट चालते. 'समजते', 'कळते', 'सांगण्यात आले', 'बोलले जाते'. कोणाला समजलं? कोणी सांगितलं? बातमी वाचताना प्रत्येक 'करण्यात आले' खाली पेन्सिलने रेघ मारा आणि समासात कर्ता लिहून बघा. 'झाडे तोडण्यात आली.' समास रिकामा राहिला, तर स्फुटाचा विषय तिथेच आहे. भरता आला, तर स्फुटात कर्तरी वाक्य लिहा: अमक्याने झाडं तोडली.

दुसरं, तब्बल, चक्क, अवघे, केवळ, मात्र. आकड्याच्या मागेपुढे बसलेले हे शब्द म्हणजे बातमीदाराचा शेरा असतो. 'तब्बल ४० जण' आणि 'अवघे ४० जण' यांत माणसं तेवढीच. टिपण करताना ते शब्द गाळून नुसता आकडा उतरवा, आणि मग तो जास्त वाटतो की कमी ते स्वतः ठरवा.

संवाद टिपताना बोलीतलं रूप बदलू नका. 'नको, नंबर येईल'चं 'त्यांनी बसण्यास नकार दिला' केलं की माणूसच उठून गेला. पण उलटा अतिरेकही होतो. बोली दाखवायच्या नादात प्रत्येक शब्द वाकडा लिहिला की बोलणारा हास्यास्पद दिसतो. एखादं रूप ठेवा, बाकी साधं.

आडवाआलेख

आकड्याचा विषय निघालाच आहे तर. बातमीवरच्या स्फुटांत सगळ्यात जास्त पाय घसरतात ते इथे, आणि गणित चौथी-पाचवीचंच असतं.

टक्के आणि टक्केबिंदू. व्याजदर ४ टक्क्यांवरून ५ झाला, तर वाढ १ टक्केबिंदू, किंवा २५ टक्के. दोन्ही बरोबर. बातमी त्यातलं जे अंगावर येईल ते निवडते.

धोका ५० टक्क्यांनी वाढला. कशावरून कशावर? दहा हजारांत २ वरून ३ झाला तरी वाढ ५० टक्केच. मूळ आकडा बातमीत नसेल तर स्फुट लिहू नका, किंवा तो आकडा नाही हेच लिहा.

महागाई घटली. म्हणजे भाव उतरले नाहीत, चढायचा वेग मंदावला. दर ६ वरून ४ टक्क्यांवर आला तर १०० ची वस्तू पहिल्या वर्षी १०६, दुसऱ्या वर्षी ११०.२४. 'घटली म्हणता, मग भाव का वाढलेत' असं रागाचं स्फुट लिहिणारा आणि 'घटली, आता तरी खूश व्हा' म्हणणारा, दोघेही एकाच खड्ड्यात.

२० टक्के घट आणि मग २० टक्के वाढ झाली की गाडी मूळ ठिकाणी येत नाही. १०० चे ८०, ८० चे ९६.

जनमत चाचणी. सरमिसळ नीट झालेला हजार जणांचा नमुना असेल तर चूक साधारण अधिक-उणे ३ टक्केबिंदूंची, चारशेंचा असेल तर ५ ची. ही एकेका आकड्यातली. दोघांमधल्या फरकातली चूक जवळपास दुप्पट होते. त्यामुळे ४६ विरुद्ध ४४ याला 'आघाडी' म्हणणं धाडसाचं. आणि नमुनाच एकतर्फी गोळा केलेला असेल तर हे गणित लागूच नाही, मग लाख माणसं विचारली तरी.

भूकंप. एक अंक वाढला की लहरींची उंची १० पट, बाहेर पडलेली ऊर्जा सुमारे ३२ पट. दोन अंकांना ऊर्जा १००० पट. ५ आणि ७ या आकड्यांना 'थोडा मोठा' म्हणू नये.

पाऊस. १ मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरवर १ लिटर. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पडला की ५००० लिटर पाणी. ५० मिलिमीटर हा आकडा वाचून काही होत नाही, गच्चीवरचं पाच टन वजन मात्र लगेच कळतं.

गर्दी, माझा आवडता. हर्बर्ट जेकब्स या पत्रकारितेच्या प्राध्यापकांनी १९६०च्या दशकात बर्कलीत विद्यार्थ्यांच्या सभांचे फोटो चौकटी आखून मोजले. त्यातून आलेला ठोकताळा असा: सैल गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, आणि अगदी खचाखच असेल तर अडीच. मीटरमध्ये बोलायचं तर चौरस मीटरला अनुक्रमे एक, दोन, चार माणसं. १०५ बाय ६८ मीटरचं फुटबॉलचं मैदान ७१४० चौरस मीटर. सैल उभे राहिले तर सात हजार, श्वास कोंडेपर्यंत भरलं तर अठ्ठावीस हजार. आता 'त्या मैदानात लाखभर जमले' ही बातमी वाचा. क्षेत्रफळ नकाशावर मोजता येतं, घनता फोटोवरून. फक्त मंचासमोरची घनता सगळ्या मैदानाला लावू नका; कडेला गर्दी विरळ असते आणि फोटो नेहमी मंचासमोरचाच असतो.

पाऊलखूण

फोटोवरून आठवलं. 'हा फोटो पाहून गलबलून आलं' या वाक्याने सुरू होणाऱ्या स्फुटांसाठी पाच मिनिटांची तपासणी.

फोटो उलट शोधाला लावायचा (शब्दांऐवजी फोटोच देऊन इंटरनेटवर शोधायचा) आणि निकालांत सर्वात जुना कुठे दिसतो ते बघायचं, पहिला दिसणारा नव्हे. बातमीच्या तारखेआधी कुठे सापडला, विषय संपला. उलट, काहीच सापडलं नाही म्हणजे फोटो खरा असं होत नाही. आरशासारखा पलटवून फिरवलेला फोटो शोधाला कधीकधी सापडत नाही. म्हणून तो स्वतः पलटवून पुन्हा एकदा शोधायचा. पलटल्याची खूण म्हणजे पाट्यांवरची अक्षरं, वाहनातली चालकाची बाजू, शर्टाच्या गुंड्या. सावल्यांवरून वेळ ताडता येते: भर दुपारची म्हणतात आणि सावल्या माणसापेक्षा लांब, तर काहीतरी गडबड आहे. (विषुववृत्तापासून लांबच्या ठिकाणी हिवाळ्यात दुपारीही सावल्या लांब पडतात, तेवढं ध्यानात ठेवून.)

फोटोच्या फाइलीत वेळ आणि ठिकाण दडलेलं असतं खरं, पण बहुतेक निरोप्या अॅप फोटो पाठवताना ती माहिती पुसतात. म्हणून पुढे ढकललेल्या फोटोवर दिसणारी तारीख ही फोनमध्ये साठवल्याची असते, प्रसंगाची नाही. हे फार जणांना ठाऊक नसतं.

काडेपेटी

सगळं मान्य, पण एक सांगा. वाचक स्फुटाकडे येतो ते लिहिणाऱ्याचं मत ऐकायला. आकडे-बिकडे द्यायला बातमी आहेच. तुम्ही सगळे मिळून मतच सोलून काढताय.

तळटीप

मत काढायचं नाही, उशिरा आणायचं. मत पहिल्या ओळीत आलं की पुढचा प्रसंग पुरावा म्हणून हजर केल्यासारखा वाटतो आणि वाचक वकिलाच्या नजरेने वाचू लागतो.

सांधा नीट लागला तर मत वेगळं सांगावंही लागत नाही. बातमी आणि भेट जोडायचे बरे मार्ग दोनच दिसतात. एक, दोन्हींत समान असलेली एक वस्तू किंवा शब्द: बातमीत 'प्रतीक्षा यादी', प्रसंगात 'नंबर येईल'. दोन, प्रमाण: बातमीतला मोठा आकडा एका माणसाच्या मापात आणणं, गच्चीवरच्या पाच टनांसारखा. 'हे पाहून मला ती बातमी आठवली' हा तिसरा आणि सगळ्यात लंगडा, कारण आठवणं हे कारण नव्हे. आणि जोड बसतच नसेल तर दोन वेगळी स्फुटं करा.

काडेपेटी

बरं. माघार, पण तात्पुरती.

अर्धविराम

एका गोष्टीकडे अजून कोणी वळलं नाही. त्या प्रसंगातला माणूस. त्याने लिहायला परवानगी दिलेली नाही.

नाव गाळलं की झालं, असा समज आहे. लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिलं की जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभागाचा क्रमांक या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के लोकसंख्या एकेकटी वेगळी काढता येण्याजोगी होती. नाव नाही, पत्ता नाही, तरी. माणूस एका तपशिलाने नाही, तपशिलांच्या गोळाबेरजेने ओळखू येतो. म्हणून ठिकाण, वेळ, वय, व्यवसाय, शरीराची ठळक खूण या पाचांपैकी स्फुटात जास्तीत जास्त दोन. ठिकाण 'प्रतीक्षाकक्ष' एवढंच ठेवलं तर वय चालेल. प्रतीक्षाकक्ष कशाचा हे सांगितलं, तर वयही धूसर करा.

बदलणं आणि धूसर करणं यांत फरक आहे. साठीचे गृहस्थ 'वयस्क' केले तर धूसर झालं. त्यांची बाई केली तर खोटं झालं, कारण कोणी कोणाला 'बसा की' म्हटलं याचा अर्थच बदलतो. लहान मुलं, आजारपण, कोणाच्या पैशाची अडचण: इथे कमी लिहिण्यापेक्षा न लिहिणं बरं. आणि तो माणूस हे वाचेल असं समजूनच लिहावं. वाचतोच तो कधीतरी.

तळटीप

अर्धविराम, हे मूळ धाग्यातच यायला हवं होतं. वाचनखूण साठवली.

दुरुस्तीबद्दल राहिलंच. बातमी नंतर फिरली तर स्फुट गुपचूप बदलू नये. मूळ वाक्य तसंच ठेवून खाली तारखेसह एक ओळ: 'अमुक आकडा चुकीचा होता, बरोबर तमुक.' बरोबर आकडा दिल्याशिवाय नुसतं 'दुरुस्ती केली' लिहिणं निरुपयोगी. घटना घडून २४ तास झाले नसतील तर त्यातल्या मृतांच्या किंवा जखमींच्या आकड्यावर स्फुटाचा डोलारा उभारू नये. ते आकडे पहिले काही दिवस बदलतच राहतात. वाढतात, आणि दुबार नोंदी निघाल्यावर कधी कमीही होतात.

आडवाआलेख

कानोसा, तुमच्या त्या टिपणात एक गंमत दडलीय. १०.४० ला १७, १०.५२ ला २०. बारा मिनिटांत तीन, म्हणजे नंबरामागे चार मिनिटं. १७ ते ४१ मध्ये २४ नंबर, ९६ मिनिटं. वेग तसाच राहिला तर त्यांचा नंबर सव्वाबाराच्या आसपास.

कानोसा

म्हणूनच पाटी दोनदा टिपायची. एकदा टिपली असती तर नुसती रांग दिसली असती. पण हे ९६ मिनिटांचं गणित स्फुटात घालणार नाही. १७ आणि ४१ ठेवीन, आणि शेवटी '१०.५२ ला पाटीवर २० आला, ते अजून उभेच होते.'

मुद्रितशोधक

'उभेच होते' टिपणात आहे का? १०.५२ ला फक्त पाटी टिपलीय तुम्ही.

कानोसा

पकडलं. काढतो.